जयपूर : खासगी पोर्ट्रेट फोटोवॉक बुक करताना काय बघावं?

सायली_कोथरूड

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तीन दिवस जयपूर. आम्ही दोघं, सहा वर्षांची लेक आणि सासूबाई. एका सकाळी फोटोग्राफरला बरोबर घेऊन जुन्या शहरात चालायचं आणि चौघांची नीट पोर्ट्रेट काढून घ्यायची, असं ठरतंय. प्री-वेडिंगसारखा थाट नको. मला आलेली कोटेशनं एकमेकांशी ताडूनच बघता येत नाहीत. कुणी 'दोन तास, सहा लोकेशन' म्हणतं, कुणी 'अनलिमिटेड फोटो', कुणी नुसता आकडा सांगतं. बुक करण्याआधी नेमकं काय विचारायचं? जागा आणि वेळ कशी ठरवायची? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

---

गवाक्ष

आधी एक खात्री करून घ्या. 'पोर्ट्रेट फोटोवॉक' या नावाखाली दोन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एकीत फोटोग्राफर तुमचे फोटो काढतो. दुसरीत कॅमेरा तुमच्या हातात असतो, आणि बाजारातल्या माणसांची पोर्ट्रेट कशी काढायची हे तो शिकवतो. जाहिरातीत दोन्हींना प्रायव्हेटच म्हणतात. पहिलाच मेसेज असा टाका : "कॅमेऱ्यासमोर आम्ही चौघे असणार, कॅमेरा तुमचा, आमच्याबरोबर दुसरा कोणताही ग्रुप नको."

'दोन तासांत सहा लोकेशन' हे कोटेशन तिथेच बाजूला ठेवा. आमेर हवामहलापासून साधारण दहा-अकरा किलोमीटरवर आहे, पत्रिका गेट शहराच्या दुसऱ्या टोकाला विमानतळाजवळ. ही दोन्ही यादीत असतील तर तुमचा निम्मा वेळ गाडीत जाणार. सहा वर्षांचं मूल आणि आजी बरोबर असताना दोन तासांत एक परिसर आणि त्यातल्या चालत जाण्याजोग्या दोन-तीन जागा पुष्कळ झाल्या. तासाला पंचवीस ते चाळीस एडिट केलेले फोटो हाताला लागले तर काम चोख झालं असं समजा. 'अनलिमिटेड' म्हणजे बहुधा न निवडलेले, न सुधारलेले चारशे फोटो एका फोल्डरमध्ये टाकून मोकळं होणं.

---

उन्हाची_तिरीप

जागेपेक्षा ऊन आधी ठरवा. जयपूरमध्ये हे फार सोपं आहे, कारण परकोट्याच्या (जुन्या तटबंदीच्या) आतलं शहर १७२७ पासून आखीवरेखीव चौकटीत वसलेलं आहे आणि रस्ते सरळ आहेत.

डिसेंबरच्या शेवटी सूर्योदय सव्वासातच्या आसपास, सूर्यास्त पाच-चाळीसच्या आसपास. हवामहलाचा जो दर्शनी भाग आपण फोटोत बघतो (१७९९ चं बांधकाम, ९५३ झरोके) तो पूर्वेकडे तोंड करून रस्त्यावर उभा आहे. म्हणजे त्याच्यावर ऊन सकाळीच पडतं. दुपारनंतर तोच दर्शनी भाग सावलीत जातो, मागचं आकाश भगभगीत होतं आणि रंग मातकट येतो. मात्र सूर्य उगवल्या उगवल्या ऊन खालपर्यंत पोचत नाही. समोरच्या इमारतींवरून ते आधी वरच्या मजल्यांवर पडतं आणि मग हळूहळू खाली उतरतं. म्हणून सात वाजता तिथे हजर राहा. पहिली वीस मिनिटं मऊ, सावलीतला प्रकाश असतो आणि रस्ता मोकळा असतो, चेहऱ्यांसाठी हीच वेळ घ्या. वरचे झरोके पेटायला लागले की इमारतीसकट फोटो. आठनंतर रिक्षा, बस, दुचाकी यांतून मोकळी फ्रेम मिळणं कठीण.

तिथे फार मागे सरकायला जागा नाही. समोरच्या फुटपाथवरून पूर्ण इमारत घ्यायची तर ३५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद लेन्स लागते, आणि रुंद लेन्समध्ये कडेला उभ्या माणसाचा चेहरा ताणला जातो. चौघांनाही फ्रेमच्या मधल्या भागात ठेवायला सांगा. आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून फोटो काढायला नकार द्या. कितीही आग्रह झाला तरी.

तिथून बडी चौपड हा चौक दोन-चार मिनिटांवर. जौहरी बाजार उत्तर-दक्षिण जातो. सकाळी त्याच्या पूर्वेकडच्या बरामद्यांत (दुकानांपुढच्या छताखालच्या ओवऱ्यांत) गडद, शांत सावली असते आणि पश्चिमेकडच्या दुकानांवर ऊन. सावलीच्या बाजूला कमानीच्या तोंडाशी उभं राहिलं की समोरच्या उन्हाचा प्रकाश परतून चेहऱ्यावर येतो, रिफ्लेक्टर लागतच नाही. दुकानं दहाच्या पुढे उघडतात. तोवर बंद शटर, त्यांच्यावरच्या पांढऱ्या पट्टीतली काळी अक्षरं आणि रिकामे बरामदे, सगळं तुमचंच. त्रिपोलिया बाजार पूर्व-पश्चिम. थंडीत सूर्य आग्नेयेकडून वर येत असल्याने पाऊण-एक तासाने त्या रस्त्याच्या अंगाने ऊन येतं. पाठीमागून ऊन घेऊन चौघं चालत येतानाचे फोटो तिथे.

जलमहाल सकाळी नको. बघण्याची पाळ आमेर रस्त्यावर, म्हणजे तलावाच्या पश्चिमेला आहे. सकाळी सूर्य महालामागे असतो आणि महाल काळा पडतो. त्याला संध्याकाळ द्या.

---

नऊवारी_वारी

कपड्यांबद्दल लिहिते, कारण जयपूरमध्ये इथेच सगळ्यात जास्त गडबड होते.

नाव गुलाबी शहर असलं तरी भिंतींचा रंग गेरूकडे झुकणारा आहे. उन्हात तापलेल्या अशा भिंतीला खेटून उभं राहिलं की भिंतीचा रंग गालाच्या त्या बाजूवर, हनुवटीखाली आणि मानेवर चढतो. दुसऱ्या गालावर आकाशाचा निळसर प्रकाश. एकाच चेहऱ्यावर दोन रंग, आणि व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा तोल) एकच असतो. एक दुरुस्त केला की दुसरा बिघडतो. सहा ते आठ फूट भिंतीपासून पुढे या, निम्मा त्रास तिथेच संपतो. किंवा भिंत स्वतः सावलीत असेल तेव्हाच तिला टेकून उभं राहा.

म्हणून गुलाबी, पीच, विटकरी कपडे नकोत, माणूस भिंतीत विरघळतो. बाटली हिरवा, गडद निळा, मोहरी, मोतिया हे छान उठून दिसतात. चौघांनी एकाच रंगात येऊ नये. दोन रंग आणि एक मोतिया, एवढं जमवलं तरी पुरे. बारीक चौकडी किंवा बारीक रेघांचा शर्ट टाळा, त्यावर लहरींसारखे खोटे पट्टे उमटतात. मोठ्या जरीचे काठ कडक उन्हात पांढरे फटक होतात. पैठणी नेसणार असाल तर सावलीतले फोटो जास्त घ्या, तिथे पदरावरचे मोर खरे दिसतात.

सासूबाईंचे केस पांढरे असतील तर मागे आकाश नको. मागे कमानीचा अंधार ठेवला की केसांची कड सुंदर दिसते.

पहाटे थंडी आठ-दहा अंशांपर्यंत असते, कधी कमी. थंडीने खांदे वर चढतात आणि ते फोटोत लगेच कळतं. शाल ही पोशाखाचाच भाग म्हणून निवडा, फोटोआधी घाईघाईने काढून पिशवीत कोंबायची वस्तू म्हणून नको. पोटऱ्या उघड्या राहतील असा फ्रॉक मुलीला घालू नका.

आणि चष्मा! उन्हात काळी होणारी काच असेल तर तो चष्मा हॉटेलवर ठेवा. ती काच थंडीत आणखी गडद होते, सावलीत आल्यावर निवळायला कित्येक मिनिटं घेते, आणि तेवढ्यात आजींचे डोळे सगळ्या फोटोंतून गायब होतात. जुना, साध्या काचेचा चष्मा बरोबर घ्या. साध्या काचेवर आकाशाची चकाकी आली तर काड्या कानावर किंचित उचलायच्या म्हणजे काच थोडी खाली कलते, किंवा हनुवटी तसूभर खाली घ्यायची.

---

सायली_कोथरूड

चष्म्याचं अगदी नेमकं ओळखलंत, त्यांचा तसाच आहे. धन्यवाद. आता तिकिटं आणि परवानग्या यांचा खर्च कोणाचा? आणि काय काय लेखी घ्यायचं?

---

दप्तरी

परवानगीपासून सुरू करतो. हवामहलाचा तो प्रसिद्ध भाग खरं तर इमारतीची रस्त्याकडची पाठ आहे, आत जायचा दरवाजा मागच्या बाजूने. त्यामुळे बाहेरून फोटोला तिकीट लागत नाही. बाजारातही नाही. आमेर, हवामहल, जंतरमंतर, अल्बर्ट हॉल ही राज्य सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडची ठिकाणं, तर सिटी पॅलेस राजघराण्याच्या ट्रस्टकडे. दोन्हीकडचे नियम वेगळे आणि एका ठिकाणची परवानगी दुसरीकडे चालत नाही. पर्यटक म्हणून कॅमेरा नेणं वेगळं आणि ठरवून केलेलं शूट वेगळं. ट्रायपॉड, लाइट स्टँड, रिफ्लेक्टर किंवा कपडे बदलायची बॅग दिसली की रखवालदार तुम्हाला दुसऱ्या गटात टाकतो, आणि आत गेल्यावर अडवलं तर वेळ तुमचाच जातो. आतलं ठिकाण हवंच असेल तर परवानगी कुणाच्या नावाने काढली आहे आणि पावती कुठे आहे, हे आदल्या दिवशी बघून घ्या. 'ओळख आहे' हे उत्तर मान्य करू नका. १८ एप्रिल, २७ सप्टेंबर अशा दिवशी राज्याच्या स्मारकांत मोफत प्रवेश ठेवतात, त्या दिवशी पोर्ट्रेटचा विचारही नको. तुम्ही डिसेंबरात जाताय, पण पुढे धागा वाचणाऱ्यांसाठी लिहिलं.

आता लेखी काय घ्यायचं. करारपत्राची गरज नाही, एक व्हॉट्सअॅप मेसेज आणि त्यावर त्यांचं 'मंजूर' एवढं पुरतं. त्यात हे असावं : तारीख, भेटायची जागा आणि वेळ (नुसतं 'सकाळी' नाही, 'सात वाजता, हवामहलासमोरचा फुटपाथ'). किती मिनिटं आणि ती भेटल्यापासून मोजायची. कॅमेरा प्रत्यक्ष कोण धरणार, कारण अल्बम एकाचा आणि येणारा दुसरा, हे सर्रास चालतं. किती फोटो एडिट करून, किती दिवसांत, कोणत्या आकारात. कोण निवडणार. तिकीट, रिक्षा, परवानगी कोणाकडे. जीएसटी धरून की वेगळा. धुकं किंवा पावसाने काम नाही झालं तर पैसे परत की दुसरी सकाळ. आणि शेवटी ठळक : वाटेत कुठल्याही दुकानात, रत्नांच्या शोरूममध्ये, कारखान्यात थांबायचं नाही. गाइड, रिक्षावाले यांना दुकानाकडून कमिशन असतं, आणि कमिशनचा थांबा म्हणजे तुमच्या चांगल्या उजेडातली वीस मिनिटं.

आगाऊ रक्कम पाव ते एक तृतीयांश. यूपीआय करताना समोर येणारं नाव आणि तुमच्याशी बोलणारा माणूस एकच आहे ना, ते बघा. पूर्ण पैसे आधी देऊ नका.

---

गवाक्ष

दप्तरींना +१. धुक्याच्या मुद्द्यावर जोर देतो. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत काही सकाळी नऊपर्यंत ऊनच फुटत नाही. तीन दिवस आहात तर फोटोवॉक पहिल्या सकाळी ठेवा, म्हणजे दुसरी सकाळ हाताशी राहते. बहुतेक लोक 'जाताजाता' म्हणून शेवटच्या दिवशी ठेवतात आणि अडकतात. धुकं पातळ असेल तर रद्द करू नका, चेहऱ्यांना तो प्रकाश फार प्रेमळ असतो. फक्त इमारतीचे मोठे फोटो सोडून जवळचे घ्या.

लग्नाच्या मोसमात मुहूर्ताच्या तारखांना चांगले फोटोग्राफर लग्नांत असतात आणि सहायक तुमच्याकडे येतो. पंचांग बघून मुहूर्त नसलेला दिवस घ्या.

---

एकशेपस्तीस

फोटोग्राफर निवडताना इन्स्टाग्रामचे निवडक फोटो बघून ठरवू नका. एका कुटुंबाचा एकाच सकाळचा पूर्ण अल्बम मागा, शक्यतो हिवाळ्यातला आणि त्याच रस्त्यावरचा. तिसाव्या फोटोपर्यंत दर्जा टिकतो का, वयस्कर माणसाची त्वचा मेणासारखी गुळगुळीत केली आहे का, मूल प्रत्येक फोटोत लेन्सकडेच बघतंय का, हे त्यात दिसतं. एकाच छापाची पार्श्वभूमी आणि वेगवेगळ्या शैलीचे फोटो दिसले तर एक-दोन फोटो इंटरनेटवर चित्रावरून शोधून पाहा, ते दुसऱ्याचे असू शकतात.

एक तांत्रिक प्रश्न जरूर विचारा : चौघांचा फोटो किती अॅपर्चरवर (लेन्सचं तोंड किती उघडं, त्याचा आकडा; आकडा लहान तितकं तोंड मोठं) काढणार? ८५ मिलिमीटर लेन्स, १.८ अॅपर्चर, तीन मीटर अंतर, फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा. यात धारदार राहणारी जाडी जेमतेम १३ सेंटीमीटर. आईच्या कुशीत मूल असेल तर एकाचे डोळे मऊ पडणारच. चारवर आणलं की साधारण ३० सेंटीमीटर मिळतात. दोन रांगांत उभे असाल तर छोटी लेन्स आणि ४ ते ५.६. मागचं धूसर करण्याच्या नादात आजींचा चेहरा धूसर झालेले कौटुंबिक फोटो फार दिसतात. चालतानाच्या फोटोंना शटरचा वेग किमान १/२५० सेकंद, मूल पळत असेल किंवा घागऱ्याचा घेर फिरवत असेल तर १/५०० किंवा त्याहून वेगवान.

मुलीचे फोटो पहिल्या वीस मिनिटांत उरकायला सांगा, निघताना दूध-बिस्कीट पोटात असू द्या. फोटोग्राफरने तिच्या डोळ्यांच्या उंचीला बसायला हवं. 'इकडे बघ, हस' असं तिघांनी एकदम ओरडायचं नाही. तिला काहीतरी मोजायला द्या, झरोके, कबुतरं, कमानी. चेहरा आपोआप जिवंत होतो.

---

रेवदंडेकर

सकाळचं सगळं मान्य, पण पत्रिका गेट असं झटकून टाकू नये. ते रंगवलेल्या कमानींचं एकामागून एक छत आहे, आत थेट ऊन फारसं येत नाही. म्हणजे अकरा-बारालाही चेहऱ्यावर मऊ प्रकाश. ज्यांना पहाटे उठणं शक्य नाही त्यांच्यासाठी चांगला पर्याय आहे, आणि आजींना चढउतारही नाही.

---

उन्हाची_तिरीप

प्रकाशाचं बरोबर आहे, अडचण माणसांची. मधोमध उभं राहायला रांग लागते, आणि डिसेंबरच्या सुट्टीत अकराला तिथे मागे कुणीतरी असतंच. मधली जागा सोडून बाजूच्या खांबांपाशी, तिरक्या कोनातून, लांब लेन्सने काढायचं असेल तर मात्र नक्की जा. आणि विमानतळ शेजारीच असल्याने तिथे ड्रोन उडवून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आमेरजवळच्या पन्ना मीना कुंडाच्या पायऱ्यांवर बसलेले फोटो सगळ्यांना हवे असतात. आता खाली उतरू देत नाहीत, रखवालदार शिट्टी वाजवतो. काठावरूनच होतात. जुने अल्बम दाखवून 'पायऱ्यांवर फोटो' कबूल करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

---

कलम_सतरा

फोटोंच्या हक्काबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, तुम्ही मोबदला देऊन तुमच्या सांगण्यावरून फोटो काढून घेतलात, तर उलट करार नसल्यास पहिले मालक तुम्ही असता. फोटोग्राफर नव्हे. पण बुकिंगच्या अटींत 'सर्व हक्क फोटोग्राफरकडे' असं असेल आणि तुम्ही ते मान्य केलंत, तर तो उलट करार झाला. म्हणून अटी वाचा. निदान एवढं लेखी घ्या : मुलीचा चेहरा दिसणारा कोणताही फोटो तुमच्या परवानगीशिवाय कुठेही टाकायचा नाही, रीलमध्येही नाही, पडद्यामागच्या व्हिडिओतही नाही. हे शूटआधी सांगायचं. नंतर सांगितलं तर तोवर तो फोटो शंभर ठिकाणी गेलेला असतो.

---

दप्तरी

कलम_सतरा, फार मोलाचं. वाखू (वाचनखूण) साठवली.

फाइलींबद्दल एवढंच : १२ बाय १८ इंच छपाई ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) करायची तर ३६०० बाय ५४०० पिक्सेल हवेत. 'वेब साइज' म्हणून २०४८ पिक्सेलचे फोटो दिले तर भिंतीवर लावायला उपयोग नाही. मोठी जेपेग मागा. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखे फोटो म्हणून आले तर ते आक्रसतात. ड्राइव्हची लिंक मागा आणि ती किती दिवस चालू राहील ते विचारा. लिंक आल्याच्या दिवशी दोन ठिकाणी उतरवून घ्या, मगच उरलेले पैसे.

---

सायली_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरवतेय : पहिल्याच सकाळी सात वाजता हवामहल, मग बडी चौपड, जौहरी बाजाराचा सावलीचा बरामदा, शेवटी त्रिपोलियात चालतानाचे. दीड तास, तीस एडिट केलेले फोटो. बरामद्यात पगडीवाले, फुलवाल्या मावशी यांच्याबरोबर चौघांचा एखादा फोटो चालेल ना?

---

नऊवारी_वारी

चालेल, पण आधी विचारून, आणि विचारायचं तुम्ही, फोटोग्राफरने नव्हे. त्यांच्याकडून गजरा, फुलं काहीतरी विकत घ्या, दोन शब्द बोला, मग "आमच्याबरोबर एक फोटो काढू का?" घूंघट घेतलेल्या बाईने मान वळवली तर तो नकारच. लहान मुलांना पैसे देऊन उभं करू नका. नंतर त्यांचाही एक फोटो छापून दुकानाच्या पत्त्यावर पाठवता आला तर बघा.

आणि त्रिपोलिया शेवटी ठेवताय ते बरोबर, पण आजींना सातपासून साडेआठपर्यंत उभं ठेवू नका. जौहरी बाजारात बंद दुकानाच्या पायरीवर त्यांना बसवून तिथेच त्यांची एकटीची पोर्ट्रेट घ्या, दहा मिनिटं. पायरीवर टाकायला एक चटई किंवा जाड दुपट्टा पिशवीत ठेवा, दगड सकाळी बर्फासारखा असतो.